सात नंबरच्या खोलीतला उजेड

शाळेचं वेळापत्रक करायला बसले की मी सगळ्यात आधी खरात सरांना बाजूला काढायचे. बाकीचे शिक्षक सोपे असतात. कुणाला शेवटचा तास नको असतो, कुणाला जेवणानंतरचा नको असतो, कुणाची बस असते. हे सगळं चौकटीत बसवता येतं. खरात सरांना मात्र तास सावलीप्रमाणे हवा असे.

"मॅडम, आठवीचा तास कडुलिंबाची सावली पायरीला लागली की ठेवा."

"सर, सावली रोज सरकते."

"मग तास बी सरकवा. थोडा थोडाच सरकवायचाय."

"घंटा शिपाई वाजवतो, सर. सावली वाजवत नाही."

"तिथंच तर सगळं चुकलंय," असं म्हणून ते माझ्या तक्त्याकडे इतक्या दयेने बघत, की क्षणभर मलाच वाटे, आपण मुलांचं काहीतरी नुकसान करतोय. मग मी त्यांचे तास मला हवे तिथे टाकायचे आणि ते त्यांना हवे तेव्हा मुलांना अंगणात न्यायचे. अशी आमची बरीच वर्षं गेली.

सर उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. उंच, काटकुळे, शर्टाचा खिसा कायम रंगाने बरबटलेला. बघताना डोळे बारीक करायची त्यांना सवय होती. समोर झाड असो, माणूस असो की मुख्याध्यापक असोत, ते मान थोडी मागे घेत आणि पापण्या जवळजवळ मिटून घेत. शाळेत नवीन शिक्षक आला की पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टींची माझी एक यादी ठरलेली असते. हजेरी कुठे, चावी कुणाकडे, पाणी कधी येतं. त्यात एक ओळ सरांची असे. "खरात सर तुमच्याकडे डोळे बारीक करून बघतील. तो संशय नाही. तुमच्या गालावर भिंतीचा पिवळा रंग आलाय का, ते बघतायत."

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. सरांचं लहानपण त्या मेंढरांमागे रानात गेलं, आणि चित्रकलेचं पहिलं शिक्षण तिथेच झालं, असं ते म्हणत. "पांढरं मेंढरू मी आयुष्यात पाहिलं नाय, मॅडम. सकाळी गुलाबी, दुपारी पिवळं, बाभळीखाली निळं. पांढरं फक्त बाजारात. गिऱ्हाइकाला सांगायला."

सात नंबरची खोली म्हणजे त्यांची चित्रकलेची खोली. पहिल्या मजल्यावरच्या टोकाला. तिच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला आहेत, त्यामुळे ऊन थेट आत येत नाही आणि दिवसभर एकसारखा, शांत उजेड असतो. त्या खोलीत ट्यूबलाइट होती, पण ती लावलेली मी कधी बघितली नाही. आभाळ भरून आलं की सर मुलांना सांगत, "आज राखाडी दिवस आलाय, हा रोज येत नाय, काढून घ्या." भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं चित्र चिकटवलेलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा शेतात गवताच्या गंज्या आणि त्यांच्यावर संध्याकाळचं ऊन. जवळ गेलं की नुसते रंगाचे फटकारे दिसत आणि दारात उभं राहिलं की ऊन दिसे. असं काढणाऱ्या चित्रकारांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात, हे मला सरांनीच सांगितलं. वस्तू काढायची नाही, त्या घटकेला वस्तूवर पडलेला उजेड काढायचा, आणि तो हलायच्या आत काढायचा. सर त्यांच्याबद्दल गावाकडच्या बाजारात भेटलेल्या पाहुण्यांसारखं बोलत. "ह्या माणसानं एकच गंजी किती वेळा काढली, माहितीय? शेजारपाजारचे हसत असतील त्याला. म्हणत असतील, कडबा तोच, गंजी तीच, ह्याला दुसरं कामधाम नाय."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणणार काय? उजेड थांबत नाय, मॅडम. बोलत बसायला वेळ कुणाला होता?"

उजेड थांबत नाय. हे वाक्य सर दिवसातून कितीतरी वेळा म्हणत. डबा अर्धा टाकून उठताना, मीटिंगमधून निघताना. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मला एकदा सांगितलं होतं, "ह्यांच्यासोबत फिरायला गेलं की मी घरी एकटीच परत येते."

जूनमध्ये शाळा सुरू झाली की सरांचा एक विधी असे. पाचवीच्या नव्या मुलांच्या रंगपेट्या उघडायच्या आणि प्रत्येकातली काळ्या रंगाची ट्यूब काढून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. झाकण लावून डबा कपाटावर. एप्रिलमध्ये ट्यूबा परत मिळत. जगात काळा रंग नसतोच, असं त्यांचं मत होतं. सावलीत जांभळा असतो, निळा असतो, खालच्या मातीचा तांबडा असतो, पण काळा नसतो. त्यामुळे आमच्या शाळेच्या मुलांच्या चित्रांत आज्यांचे केस जांभळे, म्हशी निळ्या आणि कावळे हिरवट असत. पोरं मागून त्यांना जांभळे सर म्हणत.

एका पालकसभेत एक गृहस्थ चित्र घेऊनच आले. मुलाने घरची म्हैस काढली होती.

"सर, आमच्या चार पिढ्या म्हशी सांभाळायल्यात. निळी म्हैस कुठं पाहिली तुम्ही?"

"तुमच्याच गोठ्यात," सर म्हणाले. "पोरगं खोटं काढत नाय."

"आवो, म्हैस काळी असती."

"बाहेर तुमची गाडी कोणती?"

"ती काळी मोटारसायकल."

"चला."

सर त्यांना दंडाला धरून फाटकापाशी घेऊन गेले. बाकीची पालकसभाही मागोमाग गेली, कारण तिथे आमच्या शैक्षणिक अहवालापेक्षा जास्त मजा होती. सरांनी त्या गृहस्थांना गाडीसमोर उभं केलं. डोळे बारीक करायला लावले. "आता टाकीवर काय दिसतं?"

गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आभाळ."

"कोणता रंग?"

"निळा."

"खाली?"

"पिवळं कायतरी. त्या भिंतीचं आलंय."

"अन् सीटवर?"

"जांभळं." गृहस्थांनी डोळे पूर्ण उघडले आणि रुमालाने तोंड पुसलं. "सर, हे आरटीओला सांगू नका. कागदावर ब्लॅक लिहिलंय."

पुढच्या महिन्यात त्यांनी मुलाला निळ्या रंगाची मोठी बाटली घेऊन दिली.

सर राहायला हर्सूलला. तळं जवळ होतं म्हणून त्यांनी तिथे घर घेतलं होतं. घराला पाणी नीट येत नव्हतं, पण तळ्यातलं पाणी खिडकीतून दिसत होतं. सकाळी शाळेच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ते घडीची खुर्ची, रंगाची पेटी आणि छत्री घेऊन बाहेर पडत. छत्री काळी होती, म्हणून तिच्यावर त्यांनी वहिनींच्या जुन्या पांढऱ्या परकराचं कापड शिवून घेतलं होतं. रस्त्यावरचे लोक वळून बघत. सरांना त्याचं काहीच नव्हतं.

एकदा हिवाळ्यात हर्सूलच्याच तुरुंगाच्या उंच भिंतीवर मावळतीचं ऊन अगदी जर्दाळूच्या रंगाचं पडलं. सर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने पहाऱ्यावरचा शिपाई आला.

"क्या चाचा, नक्शा बना रै क्या जेल का?"

"नक्शा नाय. उजाला."

"उजाला?"

"वो दीवार पे का. अभी जाएगा, सामने से हटो."

शिपाई हटला नाही. त्याने आपल्या साहेबांना बोलावलं. साहेब आले, त्यांनी चित्र हातात घेतलं, सरळ धरलं, उलटं धरलं, लांब धरलं. चित्रात भगव्या-गुलाबी रंगाचे फटकारे आणि खाली जांभळा पट्टा.

"इसमें जेल किधर है?"

"ये क्या, ये दीवार."

साहेबांनी आणखी एकदा नीट बघितलं आणि चित्र सरांना परत दिलं. "जाने दो इनको," ते शिपायाला म्हणाले, "इस नक्शे से कोई भाग नै सकता."

हा किस्सा सर स्वतःच सांगत आणि शेवटी न चुकता म्हणत, "पण तोवर ऊन गेलं." त्यांच्या दृष्टीने तो प्रसंग दुःखद होता.

आता सात नंबरच्या खोलीवर आलेलं संकट.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब नरवडे. पाचोडजवळ त्यांची मोठी शेती, मोसंबीच्या बागा. स्वतः मात्र शहरात बंगला बांधून राहतात. माणूस मनाने मोकळा, पण कुठे काही नवीन बघून आले की शाळेत त्याची लागण व्हायची. त्या वर्षी ते डिजिटल वर्ग बघून आले. मोठा पडदा, प्रोजेक्टर. त्यासाठी अंधारी खोली हवी. ते शाळा फिरले आणि नेमके सात नंबरमध्ये थांबले. "खोली मोठी आहे, पाहुण्यांना दाखवायला बरी. फक्त ह्या खिडक्या बुजवायच्या."

मी लगेच लिहून दिलं की तळमजल्यावर खेळाच्या सामानाची खोली आहे, तिला मुळात खिडकीच नाही, अंधार तयार आहे, फक्त मोडके बाक हलवायचे. तो कागद कुणी वाचला नाही. वरची खोली दाखवायला बरी होती.

सर त्या दिवशी डबा उघडून तसेच बसले होते. "खिडक्या बुजवून अंधार करायचा," ते म्हणाले, "अन् मग त्या अंधारात मशीन लावून उजेड पाडायचा. मॅडम, ह्यात मला एक पायरी जास्त वाटते."

पण आप्पासाहेबांच्या मनात त्याच वेळी दुसरंही एक काम होतं. शाळेचं नवीन सभागृह तयार होत होतं आणि त्याला त्यांच्या वडिलांचं, तात्यांचं, नाव देणार होते. व्यासपीठामागच्या भिंतीवर मोठं चित्र हवं होतं. आप्पासाहेबांची भाषणं आम्ही दर पंधरा ऑगस्टला ऐकलेली. त्यात एक वाक्य ठरलेलं असे, "आमच्या तात्यांच्या आधी सूर्य कधी उठला नाही." तेच चित्र हवं होतं. पहाटेचं शेत आणि शेतात उभे तात्या.

"सर, तुम्ही काढा," ते म्हणाले. "मनासारखं झालं तर सात नंबरचं बघू. राहू देऊ तुम्हाला."

दिवाळीची सुट्टी लागली आणि सर पाचोडच्या बसमध्ये बसले. नरवड्यांच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राहिलेल्या सालदाराची खोली होती, तिच्या ओसरीत त्यांनी पथारी टाकली. पहाटे उठायचं, छत्री उघडायची, दिवस उगवून बाभळीची सावली आखडली की रंग बंद करायचे. उरलेला दिवस ते काय करत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वाट बघत होतो. उद्याची." सुट्टी संपता संपता उन्हाने काळवंडलेले सर कॅनव्हास घेऊन टेम्पोतून परत आले.

ते चित्र मी सात नंबरच्या दारातून पहिल्यांदा बघितलं. जवळ जाऊन बघायचं नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. मोसंबीची झाडं होती, पण हिरवी नव्हती. एका बाजूने मधासारखी आणि दुसऱ्या बाजूने निळी-जांभळी. मधून पाण्याचा पाट गेलेला आणि त्या पाण्यात आभाळाचा गुलाबी तुकडा. दवाचा ओलेपणा इतका, की मी नकळत पदर सावरून घेतला. आणि पाटाच्या कडेला, बाभळीच्या लांब सावलीच्या टोकाशी, एक निळसर पांढरा ठिपका.

"तात्या?" मी विचारलं.

"कोणीतरी हवं होतं तिथं," सर म्हणाले. "उजेडाला टेकायला."

"चेहरा नाही काढला?"

"इतक्या लांबून चेहरा दिसतो का, मॅडम? सालदाराची बायको रोज पाणी द्यायला यायची. ती बी मला एवढीच दिसायची."

उद्घाटनाच्या आधी घरच्यांना दाखवायचं म्हणून आप्पासाहेब आईला घेऊन आले. तात्यांच्या पत्नी, सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणतात. आप्पासाहेब स्वतःही आईला बाईच म्हणतात. नऊवारी लुगडं, हातात काठी, ऐकू उत्तम येतं. सभागृहात चित्र टांगलेलं होतं. खाली पितळी पाटी तयार, 'प्रातःकाळी शेतात कै. तात्यासाहेब'.

आप्पासाहेबांनी चित्र जवळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सर, तात्या कुठंयत?"

"हा काय. पांढरा ठिपका."

"हे तात्या?"

"मागं या. अजून मागं."

आप्पासाहेब मागे मागे सरकत शेवटच्या खुर्च्यांपाशी, आईजवळ आले. थोरल्या बाई केव्हाच्या तिथे बसून बघत होत्या.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "हा उजेड सकाळचा हाय."

"व्हय बाई. पहाटेचाच सांगितला होता."

"सावली हिरीकडं पडली. दिवस निघताना पडती तशी."

"बरोबर."

"मग हे तुझे वडील नाय."

सभागृहात आम्ही चार-सहा माणसं होतो.

"दिवस निघताना तुझे वडील वट्ट्यावर घोरत असायचे," थोरल्या बाई शांतपणे म्हणाल्या. "उन्हं पायावर आली की उठायचे, मग च्या, मग तंबाखू. पहाटचं पाणी मी द्यायची. ही मी हाय."

"बाई, काहीतरीच काय. सगळ्या तालुक्याला माहितीय, तात्या पहाटे..."

"तालुक्याला तूच सांगितलं. एवढी वर्षं मी गप होते. म्हटलं, भाषण हाय, बोललं की संपलं. पण हे आता भिताडाला लावणार तू. हे राहील." मग त्या सरांकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही बरोबर काढलं. माझं लुगडं असंच दिसायचं लांबून. निळं मारायचं."

सर डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होते. बहुतेक त्यांच्या लुगड्यावर सभागृहाच्या नव्या भिंतीचा कोणता रंग आलाय, ते.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी सरांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. पर्यवेक्षिका म्हणून मीही होते. आप्पासाहेब रागावलेले नव्हते. ते अडचणीत होते, आणि अडचणीतला अध्यक्ष फार नम्र असतो.

"सर, एक करा. संध्याकाळ करा ना. संध्याकाळी तात्या शेतात असायचे, हे बाईला बी मान्य आहे. शेत तेच, झाडं तीच. फक्त उजेड फिरवायचा."

"उजेड फिरवायचा," सर म्हणाले.

"सूर्य इकडचा तिकडं. तुम्हाला काय अवघड? पाटी मी बदलून घेतो. आणि सात नंबरची खोली तुमची. तुम्ही रिटायर होईपर्यंत कुणी खिडकीला हात लावणार नाही. माझा शब्द."

माझ्या मते प्रस्ताव चांगला होता. मी मनात दोन्ही बाजू मांडून बघितल्या. एका बाजूला सात नंबरच्या खिडक्या, कॅलेंडरमधली गंजी, पाचवी ते दहावीची सगळी मुलं. दुसऱ्या बाजूला थोडा भगवा रंग. बाहेर आल्यावर मी सरांना तसं म्हणालेही.

"व्हय," सर म्हणाले. "हिशोब बरोबर हाय तुमचा."

चित्र परत सात नंबरमध्ये आलं. सरांनी एका बशीत शेंदरी, भगवा, तांबूस असे रंग कालवले. मी दोनदा कामाच्या निमित्ताने त्या दारावरून गेले. पहिल्यांदा सर कुंचला भरून उभे होते. दुसऱ्यांदाही कुंचला भरून उभे होते. शाळा सुटली, मुलं गेली, खिडकीतला उजेड हळूहळू करडा झाला आणि ते तसेच.

"जमत नाही का?" मी विचारलं.

"जमतं की. झाडं फिरवतो, सावली फिरवतो, पाट भगवा करतो. सगळं जमतं." त्यांनी कुंचल्याच्या मागच्या टोकाने तो पांढरा ठिपका दाखवला. "पण संध्याकाळ केली की ह्या बाई घरी जातात, मॅडम. त्यांना शेतातून घालवल्याबगर सूर्य हलत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात नंबरमध्ये चित्र नव्हतं. शिपायाने सांगितलं, सरांनी पहाटेच रिक्षा बोलावली, चित्र आत मावेना तर आडवं घातलं आणि स्वतः बाहेर लटकून गेले. प्रार्थनेच्या घंटेला सर परत आले. पहिल्यांदाच वेळेवर.

"कुठे नेलंत?"

"ज्यांचं होतं त्यांना देऊन आलो."

"आणि खोली?"

"जाईल," ते म्हणाले. मग स्टुलावर चढून त्यांनी कॅलेंडरमधली गंजी नखाने हळूच सोडवायला घेतली. डाव्या कोपऱ्यात ती थोडी फाटली. दुपारपर्यंत कुंचले पिशवीत गेले आणि काळ्या ट्यूबांचा डबा मुदतीच्या आधीच उघडला गेला. पोरं आपापली ट्यूब घेऊन नुसतीच उभी होती. इतक्या महिन्यांनी त्या काळ्या रंगाचं काय करायचं, हे कुणाला आठवत नव्हतं.

आप्पासाहेब आले ते आठवडा उलटून गेल्यावर. आम्ही सगळे स्फोटाची वाट बघत होतो. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले, चहा घेतला, बशी बाजूला सारली.

"बाईनं ते पलंगासमोर लावून घेतलंय," ते म्हणाले. "सकाळी उठली की आधी पडदा उघडायला लावती. म्हणती, चित्रावर उजेड येऊ दे. काल मी तिथं जाऊन बसलो. सहज. मला म्हणाली, आप्पा, पाटातलं पाणी लई गार असायचं, पाय बधिर व्हायचे, अन् तू पाळण्यात असायचा, तुझं रडणं तिथवर यायचं." त्यांनी बाजूला सारलेली बशी पुन्हा जवळ ओढली. "हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं."

मग खाकरून माझ्याकडे वळले. "मॅडम, ते खाली खेळाच्या सामानाच्या खोलीचं तुम्ही काहीतरी लिहून दिलं होतं ना?"

मी कागद पुढे केला. त्याची प्रत मी पर्समध्ये ठेवत होते, दुसऱ्यांदा विचारलं जातं म्हणून.

सभागृहाला तात्यांचंच नाव लागलं. भिंतीवर त्यांचा फोटो आला, वट्ट्यावर बसलेला. थोरल्या बाईंनी तो बघून मान डोलावली. "चांगला हाय. झोप झाल्यासारखे दिसतेत." उद्घाटनाच्या भाषणात आप्पासाहेब त्या ठरलेल्या वाक्यापाशी आले, क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "आमच्या बाईच्या आधी सूर्य कधी उठला नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत थोरल्या बाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी पदर नीट केला.

डिजिटल वर्ग खालच्या खोलीत सुरू झाला. सात नंबरमध्ये गंजी पुन्हा चिकटवली गेली, फाटक्या कोपऱ्याला पट्टी लावून. सर निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले आणि मी वेळापत्रकात त्यांना बाजूला काढत राहिले.

सर वारले त्यालाही आता काही काळ झाला. त्यांना मी शेवटचं बघितलं ते हर्सूलच्या तळ्यावर, त्यांच्या निवृत्तीनंतरच्या एका हिवाळ्यात. रविवार होता. माझ्या पिशवीत कामांची लांबलचक यादी होती. दळण, बँकेचं पासबुक, आईची औषधं, एका लग्नाचा आहेर. तळ्याच्या कडेने भरभर चालून घ्यायचं आणि कामांना लागायचं, असं ठरलेलं. समोरच्या काठावर पांढऱ्या कापडाची छत्री दिसली. सर. वहिनी त्या दिवशीही कुठे दिसत नव्हत्या. बहुतेक एकट्याच घरी गेल्या असाव्यात.

मी हात वर करून हाक मारली. सरांनी मान वर केली आणि तळहात माझ्याकडे धरला. मला वाटलं, ओळख दिली. मी पुढे निघाले. त्यांनी पुन्हा तळहात धरला, या वेळी जोरात. थांबा. तिथंच.

मी थांबले. पाण्यावर सकाळ उतरत होती. माझ्या अलीकडचं पाणी जांभळं होतं आणि पलीकडचं गुलाबी, आणि हे मला सरांशिवाय कधी दिसलं नसतं. ते बघत होते, कुंचला मारत होते, पुन्हा बघत होते. एक कुत्रं येऊन माझी पिशवी हुंगून गेलं. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय हरवलं का, ताई?" मी मान न हलवता नाही म्हणाले. दळणाची वेळ गेली.

सरांनी हलायची खूण काही केली नाही. मग सूर्य झाडांच्या वर आला, पाणी पाण्यासारखं झालं, आणि त्यांनी छत्री मिटली, खुर्ची काखेत मारली आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागले. उजेड गेला होता. उजेडाला टेकायचं माझं काम झालं होतं.